मक्तेदारीच्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बड्या टेक कंपन्यांना मोकळं सोडायचं का?

नौपाडाकर: अजिबात नाही. गूगलच्या अँड्रॉइड प्रकरणात स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, चौकशी लावली एप्रिल २०१९ मध्ये आणि १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला ऑक्टोबर २०२२ मध्ये. मग अपिलं. युरोपात गूगल शॉपिंगची, म्हणजे गूगलच्या वस्तूंच्या किमती तुलना करून दाखवणाऱ्या सेवेची, चौकशी २०१० ला उघडली, शेवटचा निकाल २०२४ ला.

गोखले रोडजवळ आमचं पोळीभाजी केंद्र आहे. एका डिलिव्हरी अ‍ॅपने कमिशन वाढवलं, वर सवलतीचा भारही आमच्याच माथी मारला. नाही म्हटलं की यादीत नाव इतकं खाली जातं की संध्याकाळी सात ते नऊ ऑर्डरची घंटी वाजत नाही. दुकानाचं भाडं आणि पोळ्या करणाऱ्या बायकांचे पगार भरत एवढी वर्षं कोण थांबणार? दंड सरकारी तिजोरीत जातो, आमचं शटर त्याने उघडत नाही.

ऐरोलीकर: दादा, त्रास खरा आहे. पण दोष ठरायच्या आत हात बांधणं मला पटत नाही. आयोगाचंही चुकतं. तुम्ही सांगितलेल्याच प्रकरणात अपील लवादाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. इतरांची अ‍ॅप स्टोअर्स प्ले स्टोअरवर येऊ द्यायची सक्ती त्यातलीच. ती चौकशीदरम्यानच लादली असती तर? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एकदा उघडून दिलेली यंत्रणा मागे घेणं फार अवघड असतं.

वाशीतला वकील: इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. चालू प्रकरणात अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश द्यायचा अधिकार स्पर्धा कायद्याच्या कलम ३३ ने आयोगाला आधीच दिलाय. मात्र २०१० च्या 'सेल' (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अपवादानेच वापरायला सांगितलं. तक्रारच यायच्या आधी बड्यांना नियम लावणं ही दुसरी गोष्ट. युरोपात ते बंधन मार्च २०२४ पासून आहे. आपल्याकडे त्याच महिन्यात तशा विधेयकाचा मसुदा आला.

खारघरकर: त्या युरोपी नियमांनंतर तिथे गूगलवर पत्ता शोधला तर नकाशावर बोट ठेवून थेट मॅप्स उघडत नाही. माझा मसाल्यांचा घरगुती धंदा आहे, निम्मी गिऱ्हाइकं नकाशा बघत सेक्टरमध्ये शिरतात. माझं नुकसान कोण भरून देणार?

नौपाडाकर: ताई, नकाशा बंद करा असं मी म्हणतच नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेलं कलम ३३ वापरा, एवढंच मागणं आहे. जमिनीच्या दाव्यात 'जैसे थे' मिळतं, तसं इथे द्या. चौकशी चालू आहे तोवर कमिशन वाढवायचं नाही आणि तक्रार करणाऱ्याचं नाव यादीत खाली ढकलायचं नाही.

ऐरोलीकर: एवढंच असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण आदेशाला सहा महिन्यांची मुदत हवी, आणि वाढवायचा तर दरवेळी कंपनीचं म्हणणं नव्याने ऐकून.

नौपाडाकर: मुदत मान्य. मात्र मुदतवाढीच्या सुनावणीला आम्हा दुकानदारांनाही बोलवा.