‘आठ बिटी ईएससी म्हणजे भंगार’ : असं नवशिक्यांना सांगायचं?

सिक्सएस_सातारा
काल इथे एकानं ईएससीबद्दल, म्हणजे ड्रोनच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाबद्दल, लिहिलं, "पाच इंची पंख्यांच्या क्वाडला (चार मोटरच्या ड्रोनला) ३२ बिटी चिपचेच ईएससी घ्या, आठ बिटी भंगार आहे." वाचून गप्प बसवेना. बीएलहेली-एस या फर्मवेअरच्या आठ बिटी बोर्डावर ब्लूजे हे दुसरं फर्मवेअर टाका, दुतर्फा डीशॉट चालतो, म्हणजे ईएससी आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) दोन्हीकडून बोलतात. मोटरचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) फ्लाइट कंट्रोलरला कळतो, मोटरची थरथर गाळणारा आरपीएम फिल्टर लागतो. ब्लूजे फुकट आणि खुलं. उलट ३२ बिटी, पण कोड खुला नसलेल्या बीएलहेली-३२ वाल्यांचं काय झालं? २०२४ मध्ये मूळ कंपनीनं गाशा गुंडाळला.

थ्रॉटल_पंच
ती पोस्ट माझीच, आणि मी ठाम आहे. ३२ बिटी म्हणजे फक्त बीएलहेली नव्हे, एएम३२ हे ३२ बिटी फर्मवेअर खुलंच आहे. आणि स्वस्त बोर्डावर मॉसफेट (मोटरला वीज सोडणारे स्विच) कुठले असतात ते बघा. सिक्स-एस, म्हणजे सहा सेलची बॅटरी, पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट. थ्रॉटल झटकन सोडला की मोटर ब्रेक घेते, व्होल्टेज वर उसळतं, ३० व्होल्टचा मॉसफेट तिथेच जातो.

सिक्सएस_सातारा
मग दोष मॉसफेटचा झाला, बिटांचा कुठे?

डांगे_चौक
ती उसळी शोषणारा कपॅसिटर दोघंही विसरलात. ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरड, लो ईएसआर (आतला रोध कमी), पाय आखूड ठेवून थेट बॅटरीच्या पॅडवर. लांब वायरीला लोंबकळणाऱ्या कपॅसिटरचा उपयोग नाही. आणि माझा खरा राग फोर-इन-वनवर, म्हणजे चारही ईएससी एकत्र असलेल्या बोर्डावर, आहे. माझ्या बोर्डाचा एकच मॉसफेट उडाला, तीन ईएससी ठणठणीत, तरी अख्खा बोर्ड बदलावा लागला. नवा मागवला तर पार्सल कस्टममध्ये अडकलं. ९ फेब्रुवारी २०२२ च्या आदेशानं बंदी आली ती परदेशी ड्रोनच्या आयातीवर. सुटे भाग त्यातून वगळलेत. तरी पाकिटावर ‘ड्रोन’ दिसलं की अडवतात.

थ्रॉटल_पंच
कस्टमचा इथे काय संबंध?

डांगे_चौक
संबंध नाही कसा? बोर्ड जळाल्यावर महिनाभर उडवायचं बंद राहतं ते कुणाचं? सुटे चार ईएससी असते तर एक बदलून संध्याकाळी मैदानावर असतो.

सोल्डर_ताई
सुटे ईएससी आर्मवर, म्हणजे मोटर धरणाऱ्या दांड्यांवर, बसवा, पहिल्याच आपटीत प्रोपेलरचा तुकडा त्यांनाच लागतो. माझे दोन असेच गेले. वजन आणि वायरिंग वाढतं ते वेगळंच. फोर-इन-वन मधोमध सुरक्षित राहतो.

डांगे_चौक
ताई, तुमच्या आपट्यांवरून सगळ्यांना नियम लावू नका!

सोल्डर_ताई
आणि तुम्ही एका जळक्या बोर्डावरून लावताय तो? बोर्डावर छापलेले ‘५० अँपिअर’ वाऱ्याच्या झोतात मोजलेले असतात, टेबलावर नाही. तेवढं तरी नवशिक्यांना सांगा.

थ्रॉटल_पंच
बरं. ‘भंगार’ शब्द काढतो. चांगल्या मॉसफेटचा आठ बिटी बोर्ड ब्लूजेवर चालेल, एवढं मान्य. पण सिक्स-एसवर रेस करणाऱ्याला मी अजूनही एएम३२च सांगणार.

सिक्सएस_सातारा
सांगा, पण त्याच क्वाडवर दोन्हींचे ब्लॅकबॉक्स लॉग (उड्डाणाच्या नोंदी) टाका. मोटरच्या आवाजावरून गायरोचा (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) नॉइज ठरवायचा हे मला पटत नाही.