स्पंजबॉब आणि आइस किंग एकाच माणसाचा आवाज?? टॉम केनीबद्दल कुणाला नीट माहितीये का

स्किटवाला_सातारा
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, कॉलेजात तीन वर्षं गॅदरिंगला स्किट केली, एकाच स्किटमधे चार-पाच माणसं करायची मला सवय आहे, आधी म्हातारा पोस्टमन मग लगेच त्याच्याशी भांडणारी काकू असं. सगळे म्हणतात तुझा आवाज फिरतो, डबिंगला जा. म्हणून मागच्या महिन्यात मुंबईत एक दोन दिवसांचं वर्कशॉप केलं. तिथे सांगितलं की स्किटबिट विसर, घरी बसून दहा आवाज तयार कर, त्यांची एक फाइल बनव आणि सगळीकडे पाठव. तेव्हापासून घरात बसून आवाज काढतोय, पण खरं सांगतो, सगळे पोकळ वाटतात. आवाज येतोय, पण माणूस दिसत नाही.

परवा ताईच्या मुलासोबत स्पंजबॉब बघत बसलो होतो हिंदीत, मग मूळ इंग्रजी आवाज ऐकावा म्हणून शोधलं तर कळलं की तो आवाज टॉम केनी नावाच्या माणसाचा, आणि अ‍ॅडव्हेंचर टाइममधला आइस किंग पण तोच! मला पटेचना. वाचलं की तो मुळात स्केच कॉमेडीवाला, म्हंजे आपल्या स्किटसारखे छोटे विनोदी प्रवेश करणारा. तर मला विचारायचंय की हा माणूस तिथून इथे कसा पोचला, त्याला स्टेजचा काही उपयोग झाला का दोन्ही कामं वेगवेगळीच? मी स्किट सोडू का नको हे पण त्यावर ठरवायचंय. ज्याला माहिती असेल त्याने सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

रात्रपाळी
अरे माझ्या आवडीचा विषय काढलास, आता लांबणारच.

टॉम केनी जन्मला १३ जुलै १९६२ ला, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला. न्यूयॉर्क शहर नव्हे, ते तिथून बरंच लांब. सुरुवात स्टँडअपने, म्हंजे १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टँडअपची जी लाट आली होती तिच्यात हा बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को असं करत फिरला. मग टीव्ही. १९९२ ला फॉक्स चॅनलवर 'द एज' नावाचा स्केच शो आला, एकच सीझन चालला, त्यात हा होता आणि गंमत म्हंजे जेनिफर अ‍ॅनिस्टन पण होती, फ्रेंड्सच्या आधीची. शो गेला पण ह्याला त्याच्यातून बायको मिळाली, जिल टॅली, ती पण त्याच शोमधे होती, आणि त्यांनी १९९५ ला लग्न केलं. ती स्पंजबॉबमधे प्लँक्टनची ती कॉम्प्युटर बायको आहे ना कॅरन, तिचा आवाज करते! इतकी वर्षं नवरा-बायको एकाच कार्टूनमधे.

मग १९९५ ते १९९८ एचबीओवर 'मिस्टर शो', बॉब ओडनकर्क आणि डेव्हिड क्रॉस यांचा. हो हो, तोच ओडनकर्क जो पुढे ब्रेकिंग बॅडमधे सॉल गुडमन झाला. चार सीझन, तीसच एपिसोड, बघणारे फार नव्हते पण ज्यांनी बघितलं ते अजून त्याबद्दलच बोलतात. त्यात एक स्केच संपतं कुठे आणि दुसरं सुरू होतं कुठे ते कळत नाही, मागच्या स्केचमधलाच कुणीतरी माणूस किंवा एखादी वस्तू तुम्हाला पुढच्यात ओढून नेते. केनी आणि टॅली दोघं त्यात आलटून पालटून वाटेल ती माणसं व्हायचे. दोन मिनिटांत माणूस उभा करायचा, कारण तिसऱ्या मिनिटाला तो गेलेला असणार. तुझा पोस्टमन आणि काकू हेच ना?

आता मुद्द्याचं. १९९३ ला निकलोडियनवर 'रोकोज मॉडर्न लाइफ' आलं, त्यात हा हेफर नावाच्या बैलाचा आवाज करायचा. त्या कार्टूनवर स्टीफन हिलेनबर्ग काम करत होता. हा हिलेनबर्ग आधी कॅलिफोर्नियात समुद्री जीवशास्त्र शिकवायचा, मुलांसाठी किनाऱ्यावरच्या जिवांचं कॉमिकही काढलं होतं त्याने, त्याच्यातूनच पुढे स्पंजबॉब आला. तर रोकोच्या एका एपिसोडमधे केनीने गर्दीतल्या कुठल्यातरी फालतू पात्राला एक बारीक चिरका आवाज दिला होता, एकदाच, आणि तो स्वतः विसरून पण गेला. हिलेनबर्ग विसरला नाही. स्पंजबॉब करायची वेळ आली तेव्हा त्याने केनीला ती क्लिप दाखवली की हा बघ, हा आवाज पाहिजे. पंचवीस वर्षांहून जास्त जो आवाज जगभर चालतोय तो मुळात गर्दीतल्या एका ओळीचा आवाज आहे, मला हे कधीही आठवलं की अंगावर काटा येतो.

पहिला एपिसोड १ मे १९९९. पोरांना माहीत नसतं पण गॅरी गोगलगायीचं म्याव पण हाच, तो फ्रेंच अ‍ॅक्सेंटमधला निवेदक पण हाच, आणि मधेमधे खरा माणूस येतो ना डोळ्याला पट्टी बांधलेला पॅची पायरेट, तो पडद्यावर दिसणारा पण हाच.

जुनं_कार्टून_नेटवर्क
रात्रपाळीने पॉवरपफ गर्ल्स कसं सोडलं?? १९९८ ला सुरू झालं. शाळेतून येऊन दप्तर टाकून आम्ही ते इंग्रजीतच बघायचो, अर्धं कळायचं नाही तरी बघायचो. त्यातला निवेदक टॉम केनी आणि तो बुटका मिशीवाला महापौर पण टॉम केनी. निवेदक सांगतो शहरावर संकट आलंय, आणि पुढच्या सेकंदाला महापौर घाबरून फोन उचलतो. दोन्ही एकाच गळ्यातून! माझ्या इंग्रजी ऐकण्याची सवय त्या निवेदकाने लावली असं म्हटलं तरी चालेल, शब्द कळत नसले तरी तो कुठे थांबतो, कुठे घाई करतो त्यावरून काय झालं असेल ते कळायचं.

कॅटडॉगमधला डॉग पण तोच, २००४ च्या 'द बॅटमन' मधला पेंग्विन पण तोच. आणि ज्यांनी प्लेस्टेशनवर स्पायरो खेळलाय त्यांनी दुसऱ्या भागापासूनचा तो जांभळा ड्रॅगन आठवा.

एक अजून. स्पंजबॉबमधले ते दोन म्हातारे सुपरहिरो आहेत ना, मर्मेडमॅन आणि बार्नॅकल बॉय, त्यातल्या बार्नॅकल बॉयचा आवाज टिम कॉनवेचा, तो सुद्धा अमेरिकन टीव्हीवरच्या स्केच कॉमेडीतला फार मोठा माणूस. आणि मर्मेडमॅन म्हंजे अर्नेस्ट बोर्गनाइन, ऑस्करवाला. दोघं १९६० च्या दशकातल्या एका नौदलाच्या कॉमेडी मालिकेत एकत्र होते. म्हणजे तिथे स्टेज, स्केच आणि कार्टून ही वेगवेगळी दुकानं नाहीतच.

सिरॅक्यूजकर_देशपांडे
मी मूळचा नाशिकचा, सिरॅक्यूजला १६ वर्षं आहे म्हणून थोडं सुरुवातीचं लिहितो. हे अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त बर्फ पडणाऱ्या शहरांपैकी एक, हिवाळा संपता संपत नाही, आणि मला कायम वाटतं की इथली पोरं घरात बसून रेकॉर्ड ऐकणार, चित्रं काढणार, एकमेकांना हसवणार, दुसरं करणार काय.

केनीचा लहानपणीचा दोस्त म्हणजे बॉबकॅट गोल्डथ्वेट, जो पुढे स्टँडअपमधे प्रसिद्ध झाला, तो किंचाळल्यासारखा कापऱ्या आवाजात बोलणारा. दोघं अगदी पहिलीपासूनचे मित्र. शाळेत असतानाच हे दोघं जवळच्या स्कॅनिअ‍ॅटलस नावाच्या गावात कॉमेडी करायला लागले, तिथे बॅरी क्रिमिन्स नावाचा कॉमेडियन कार्यक्रम चालवायचा. क्रिमिन्सला बेअरकॅट म्हणायचे, म्हणून त्याच्या आदराखातर एक पोरगा झाला बॉबकॅट आणि दुसरा झाला टॉमकॅट. बॉबकॅटचं नाव कायमचं चिकटलं, टॉमचं मागे पडलं. पुढे १९९१ मधे गोल्डथ्वेटने जोकरांवरचा सिनेमा काढला, त्यात खलनायक जोकर केनीच होता. स्कॅनिअ‍ॅटलसला आम्ही दर उन्हाळ्यात तळ्यावर जातो, शांत, टुमदार गाव आहे, आणि दरवेळी मनात येतं की १५-१६ वर्षांची पोरं इथे मोठ्या माणसांसमोर उभी राहिली कशी असतील. सातारकर, तू पण गॅदरिंगला उभा राहिलास ना, ते सोपं नसतं, त्याला कमी लेखू नकोस.

मीरा_डबिंग
मी मुंबईत डबिंग करते, १४ वर्षं झाली, बरीच कार्टून केलीत हिंदीत आणि थोडी मराठीत. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घे. आपण जे करतो ते आणि केनी जे करतो ते यात मोठा फरक आहे. आपल्याकडे चित्र आधीच तयार असतं. तू एकटा बूथमधे, कानात मूळ पायलट म्हंजे मूळ भाषेतला आवाज, समोर स्क्रीन, लूप बाय लूप म्हंजे छोट्या छोट्या तुकड्यांनी जायचं, ओठ जुळले पाहिजेत, श्वास जुळला पाहिजे, पडला आपटला की ते एफर्ट्स, म्हंजे कण्हणं धापणं, पण द्यायचे. समोरचं पात्र कुणी केलंय, कसं केलंय, कधीकधी कळतही नाही, ते माणूस मंगळवारी येऊन गेलेलं असतं आणि तू जातोस शुक्रवारी. तिकडे आवाज आधी होतो. स्पंजबॉबमधे स्टोरीबोर्ड असतो, म्हंजे प्रसंगांची कच्ची चित्रं, त्यावरून कलाकार बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यावर नंतर अ‍ॅनिमेशन होतं. म्हंजे केनीने शब्द ओढला तर चित्रातलं तोंड ओढलं जातं! आणि ते लोक वर्षानुवर्षं एकत्र रेकॉर्ड करत आले, पॅट्रिकवाला बिल फॅगरबॅकी, स्क्विडवर्डवाला रॉजर बंपस, क्रॅब्सवाला क्लॅन्सी ब्राउन, सगळे एका खोलीत, प्रत्येकाला माइक, जवळपास रेडिओ नाटकासारखं. समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य पडतं, टायमिंग तिथे जन्मतं. हे स्केचवाल्याला रक्तात असतं. सुरुवातीला हिलेनबर्ग स्वतः रेकॉर्डिंगला बसून कलाकारांना सांगायचा, मग बरीच वर्षं त्यांची व्हॉइस डायरेक्टर अँड्रिया रोमानो होती, पुढे केनी स्वतः ते काम बघायला लागला.

ते हसू ऐकलंस ना स्पंजबॉबचं, डॉल्फिनसारखं? ते करताना तो गळ्यावर बोट आपटतो, व्हिडिओत दिसेल तुला. पण आमच्याकडे नवीन पोरं येतात ती तेवढंच शिकून येतात. बोट आपटतात, हसू हुबेहूब, आणि मग मी म्हणते आता स्पंजबॉबला नोकरीवरून काढलंय, तो रडतोय, ते कर. गप्प होतात. हिलेनबर्गला पाहिजे होतं धड मूलही नाही धड मोठाही नाही असं पात्र, कामावर जातो, घर आहे, गाडीचं लायसन काही केल्या मिळत नाही, आणि तरी सकाळी उठल्यावर आनंदी. हे सगळं माहीत असेल तर रडणं पण त्याच आवाजात येतं. माहीत नसेल तर नुसता चिरका आवाज.

दहा आवाजांची फाइल कर, तिचा उपयोग होतो, काम मागायला लागतेच. पण स्किट सोडू नकोस रे बाबा. ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी
मीराताई जे म्हणतात त्याचा पुरावा पाहिजे असेल तर आइस किंग बघ. अ‍ॅडव्हेंचर टाइम २०१० ला आलं, सुरुवातीला आइस किंग म्हणजे राजकन्या पळवणारा एक चक्रम म्हातारा, बस. मग २०११ च्या शेवटी त्याच्या जुन्या व्हिडिओ टेप सापडतात आणि कळतं की हा पूर्वी सायमन नावाचा अभ्यासू, साधा माणूस होता, डोक्यावरच्या जादूच्या मुकुटाने त्याची आठवण खाल्ली. केनीला एकदम दोन माणसं करायची वेळ आली, आणि ती दोन्ही मुळात एकच. २०१२ ला एक एपिसोड आला ज्यात तो मार्सलीनकडे, म्हंजे जिला सायमन असताना त्याने लहानपणी सांभाळलं होतं तिच्याकडे, गाणं लिहायला मदत मागायला येतो आणि सोबत आणलेले कागद त्याने स्वतःच पूर्वी तिच्यासाठी लिहिलेले असतात, आता त्याला काही आठवत नाही. तो ते हसत खेळत गातोय आणि ती रडतेय. आमच्या आजीला शेवटची चार वर्षं विस्मरण होतं, ती पण अशीच आनंदात जुनी गाणी म्हणायची आणि माझ्या आईला ओळखायची नाही. मी तो एपिसोड एकदाच बघू शकलो. कार्टून आहे ते, आणि तो आवाज त्याच माणसाचा जो सकाळी स्पंजबॉब करतो.

हिलेनबर्ग २६ नोव्हेंबर २०१८ ला गेला, एएलएस नावाचा मज्जातंतूंचा आजार झाला होता, ५७ चं वय. केनी अजून करतोय. २०१८ ला त्याला स्पंजबॉबसाठी डेटाइम एमी हे अमेरिकन टीव्हीचं बक्षीस मिळालं, म्हणजे सुरू करून जवळपास १९ वर्षांनी.

स्किटवाला_सातारा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. देशपांडे काका, तुमचं वाचून आमच्या गॅदरिंगचा तो पहिला दिवस आठवला, पाय लटपटत होते.

रात्री आइस किंगचा तो एपिसोड बघितला. मग ती दहा आवाजांची फाइल उघडून ऐकली आणि नऊ काढून टाकले, फक्त पोस्टमन ठेवला कारण त्याचं मला सगळं माहितीये, त्याचा गुडघा दुखतो, सायकल मुलाने विकली, पत्रं कमी झाली म्हणून तो मोठ्यांदा बोलतो. आता काकूवर बसणारे. आणि स्किटमधले आम्ही चौघं रविवारी एका मित्राच्या घरी एकत्र रेकॉर्ड करायचं ठरवलंय, रेडिओ नाटकासारखं. मीराताई, माइक एकच आहे, चौघांनी कसं उभं राहायचं?

मीरा_डबिंग
एकच असेल तर गोल करून उभे रहा, माइक मधे, आणि तो सगळीकडचं घेणारा आहे का ते आधी बघ, एकाच बाजूचं घेणारा असेल तर दोघं दोघं समोर या. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढ, भिंतींना गोधड्या लावा. कागद हातात धरू नका, स्टँडवर ठेवा नाहीतर फडफड सगळी रेकॉर्ड होईल. आणि काकू जेव्हा पोस्टमनवर ओरडेल तेव्हा तिने अर्धं पाऊल मागे घ्यायचं. झालं की इथे टाक, ऐकते.