रस्ता गावातला, मंग पट्टा मारायचा हक्क कोणाचा?

काळीमाती:
राजेहो, एक सांगा. आमचा तालुक्याचा गाव, यवतमाळ जिल्हा. शाळेसमोरच्या मेन रोडवर नगरपंचायतीनं कडेनं पांढरा पट्टा मारून सायकलीले जागा ठेवली होती, सरकारच्या मानव विकास योजनेच्या सायकली भेटलेल्या पोरी बाजूच्या खेड्यातून येतात न, त्याईच्यासाठी. सीझनमध्ये जिनिंगसमोर कापसाच्या गाड्याईची लाईन लागते अन पोरी पार मधातून, ट्रकच्या बाजूनं जातात. पट्टा मारल्यावर बरं चालू होतं. मंग वरून साहेब आले, म्हणे हा राज्यमार्ग हाय, परवानगी काऊन नाई घेतली, अन लगेच डांबर टाकून पट्टा गायब! नगरपंचायत काय फक्त नाल्या काढाले हाय का?

इजिमा_१३:
भाऊ, रस्ता कोणाच्या ताब्यात त्यावर सगळं हाय. राज्यमार्ग बांधकाम खात्याचा, इतर जिल्हा मार्ग अन ग्रामीण मार्ग झेडपीचे, राष्ट्रीय महामार्ग तर १९५६ च्या कायद्यानं थेट केंद्राचा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकेच्या कामाईच्या यादीत, 'रस्ते व पूल' लिहिले हायेत खरे, पण ते अधिकार खाली द्यायचे का नाई हे राज्यानं ठरवायचं. तिथंच गाडी अडते.

संत्राबाग:
हे फक्त आपल्याकडचंच नाई. कॅनडात ऑन्टारिओ राज्याच्या सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदाच केला, गाड्यांची लेन कमी करून सायकल लेन करायची तर शहरानं आधी राज्याची परवानगी घ्यायची, अन टोरंटोतल्या ब्लूर, यंग अन युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या लेन काढून टाकायच्या. कारण काय तर ट्रॅफिक. सायकलवाले कोर्टात गेले, जुलै २०२५ मध्ये जज म्हणाले लेन काढल्यानं लोकाईच्या जीवाले धोका हाय, हे घटनाबाह्य. सरकार म्हणे अपिलात जातो. तिथं शहराचे अधिकार राज्यानंच दिलेले असतात, म्हणून कोर्टात शहराचा हक्क नाई, माणसाचा जीव कामी आला.

दारव्हा_रोड:
टोरंटो राहू द्या बाप्पा. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हायवेपासून ५०० मीटरात दारू बंद केली तवा आठवते का? बऱ्याच राज्याईनं शहरातल्या हायवेचा दर्जा काढून रस्ते नगरपालिकेच्या गळ्यात टाकले, ते बी फटाफट. बारसाठी रस्ता एका सहीत गावाचा होते, पोरीईसाठी होत नाई. मी तर म्हणतो तेच मागा, बायपास झाला असन तर गावातला तुकडा नगरपंचायतीकडे वर्ग करा म्हणून सभेत ठराव घ्या. अन ठराव नुसता फाईलात ठेवू नका, बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्याची पोच घ्या.

इजिमा_१३:
+१. पण आधी किलोमीटरचा दगड पहा, डोकं पिवळं तर राष्ट्रीय, हिरवं तर राज्यमार्ग. साहेब तोंडी काहीबी सांगतात. अन पट्टा कोणाच्या लेखी आदेशानं काढला ते माहिती अधिकारात मागा, १० रुपयाचा खर्च.

काळीमाती:
पाहून आलो. दगड हिरवाच हाय, त्यावर कोण्या भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता, तो उचलून पाहा लागला. बायपास झाला हाय दादा, ट्रक मात्र गावातूनच. ठरावाचा नमुना असन कोणापाशी तर टाका.