मदत हवी आहे: स्वस्त आयातीमुळे मकरपुऱ्यातलं युनिट बंद होतंय, राजीनाम्यावर सही करायची का?

माणेजाकर:
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्वचे सुटे भाग बनवणारं युनिट आहे. कायम कामगार ६२. चीनहून तयार माल स्वस्त पडतो म्हणून मालक उत्पादन बंद करून नुसतं ट्रेडिंग ठेवणार आहेत. सगळ्यांना टाइप केलेला कागद दिलाय: ‘मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे’. त्याबदल्यात तीन महिन्यांचा पगार, म्हणजे ५८,५०० रुपये, आणि त्यातच सगळा हिशेब पूर्ण. मुदत शनिवारपर्यंत. माझ्या मेहुण्याची नोकरी ११ वर्षं ८ महिने. बेसिक आणि डीए मिळून १४,३००, एकूण पगार १९,५००. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) नियमित कापलं जातं. आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी सरकारची वेगळी मदत आहे का? आणि सही करावी का?

कोठीचा कारकून:
सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

आयातीमुळे नोकरी गेली म्हणून वेगळा भत्ता भारतात नाही. अमेरिकेत १९६२ पासून तशी योजना होती, तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. तिथेही जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. आपल्याकडे अँटी-डंपिंग ड्यूटीची (फार स्वस्तात येणाऱ्या आयातीवरच्या जादा कराची) मागणी दिल्लीत डीजीटीआर या व्यापार खात्याच्या कार्यालयाकडे उत्पादक करतात, कामगार नाही. ती ड्यूटी लागली तरी त्यातला पैसा कामगाराच्या खात्यात येत नाही. त्यामुळे जे मिळेल ते कामगार कायदा, ईएसआय आणि पीएफ या तीन खिडक्यांतून. आणि पहिल्या दोन्ही खिडक्या राजीनामा दिसला की निम्म्या बंद होतात.

आता आकडे बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. नोकरी गेल्याची भरपाई दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे इथे १२ वर्षं. बेसिक-डीएच्या १४,३०० चे निम्मे ७,१५०, गुणिले १२, झाले ८५,८००. इथे २६ ने भागायचं नसतं, ते फक्त ग्रॅच्युइटीत. ग्रॅच्युइटी: १४,३०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे ९९,०००. नोटीस दिली नसेल तर एक महिन्याचे १४,३०० वेगळे. एकूण १,९९,१००. आणि तुमच्या हातात ठेवतायत ५८,५००.

माणेजाकर:
मालक म्हणतात, आयातीपुढे आमचा नाइलाज आहे, अशा वेळी कायद्यातच तीन महिने लिहिलंय.

कोठीचा कारकून:
अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. मालकाच्या ताब्याबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाईवर तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची मर्यादा आहे. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण पुढे वाचा: आर्थिक अडचण, तोटा, न खपलेला मालाचा साठा यांना एवढ्यावरून ‘टाळता न येणारं कारण’ म्हणता येत नाही. स्वस्त आयातीने माल पडून राहणं त्यातच बसतं.

दुसरं, ५० किंवा जास्त कामगार असतील तर बंद करण्याआधी ६० दिवसांची नोटीस सरकारला द्यावी लागते. ६२ आहेत, म्हणून हजेरीपत्रकाचा फोटो आजच काढून ठेवा. नंतर आकडा ४९ वर आलेला दिसतो! बंद करायला सरकारी परवानगीची अट मात्र ३०० कामगारांपासून, ती इथे लागू नाही.

गोत्रीकर:
ईएसआयचं मी लिहितो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. सरासरी काढताना मागच्या चार अंशदान-काळांतली (विम्याच्या हप्त्यांचे सहा-सहा महिन्यांचे काळ) एकूण कमाई भागिले ७३०. मेहुण्यांचे साधारण २८-२९ हजार होतील. अटी अशा: किमान दोन वर्षं विमा, आणि नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान-काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान. अर्ज ३० दिवसांनी, २०२० पासून मालकाच्या मार्फत जावं लागत नाही. योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवतात, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू तारीख बघून घ्या.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना याहून मोठी: २४ महिने, पहिले १२ महिने ५० टक्के, पुढे २५ टक्के. ती कपात (मालकाने कामगार कमी करणं), कारखाना बंद होणं किंवा कायमचं अपंगत्व यामुळे नोकरी गेली तरच मिळते. एकाच काळासाठी दोन्ही भत्ते मिळत नाहीत.

गोची इथे होते. मालक महिन्याचं अंशदान भरताना पोर्टलवर कामाचे दिवस शून्य असण्याचं कारण निवडतो. ‘नोकरी सोडली’ आणि ‘कपात’ हे त्यात वेगळे पर्याय आहेत. क्लार्कने सवयीने पहिला दाबला की शाखा कार्यालय तुमचाच अर्ज तुमच्यावर उलटवतं. शेवटचा महिना भरल्यावर आपल्या लॉगिनमध्ये तपासाच.

पीएफवाला:
थोडक्यात: सेवा दहा वर्षांवर गेलीय, त्यामुळे १०-सी फॉर्म भरून पेन्शनचा भाग काढता येणार नाही. स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी धरलेल्या सेवेचा दाखला) घ्या किंवा पुढच्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायम नंबर) द्या. मालकाने सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते.

माणेजाकर:
कपात म्हणवून घेणं चांगलं की बंद?

कोठीचा कारकून:
भरपाई दोन्हीत सारखी. फरक दोन: नव्या संहितेतला कौशल्य निधी, म्हणजे मालकाने भरायचं १५ दिवसांचं वेतन, फक्त कपातीत आहे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवं. कपातीत वर्षभरात पुन्हा भरती केली तर जुन्या माणसाला आधी विचारावं लागतं. तुमच्याकडे उत्पादन पूर्ण थांबतंय, म्हणून ‘बंद’च म्हणतील. त्यासाठी भांडण वाढवू नका, राजीनामा हा शब्द तेवढा कागदावर येऊ देऊ नका.

शनिवारी कागद पुढे केला तर घ्या, पोच म्हणून सही आणि तारीख, त्यावर ‘मजकूर अमान्य, राजीनामा देत नाही’ असं स्वतःच्या अक्षरात. पैसे खात्यात आले तर राहू द्या, पण ‘पूर्ण व अंतिम’वर सही नको. मग सगळ्यांनी मिळून कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज द्या. ४५ दिवसांत तोडगा नाही निघाला तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, नोकरी गेल्यापासून दोन वर्षांच्या आत. अर्जासोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, ईएसआय कार्ड आणि पीएफ पासबुकाची प्रत लावा. नेमणूकपत्र नसेल तर सर्वांत जुनी पगारपावतीही चालते.