पळताना बोन कंडक्शन हेडफोन आणि चष्मा एकत्र कसे बसवता? मदत हवी आहे

मागून येणारी गाडी ऐकू यावी म्हणून पळताना बोन कंडक्शन हेडफोन (कानात न घालता, गालाच्या हाडावर टेकणाऱ्या पॅडच्या कंपनातून आवाज पोचवणारे) वापरतो. कान मोकळे राहतात, ही फार मोठी सोय आहे. अडचण चष्म्याची. चष्म्याची काडी आणि हेडफोनचा हुक कानावर एकाच जागी येतात. घाम आला की पॅड गालाच्या हाडावरून सरकतो आणि आवाज एकदम पातळ होतो. आधी हेडफोन मग चष्मा, नंतर उलट, वरून हेडबँड, सगळं करून पाहिलं. हेडबँडने पॅड घट्ट बसतो, पण बेस वाजला की गालाला गुदगुल्या होतात. कॉन्टॅक्ट लेन्स चालत नाहीत, आवाज वाढवायचा नाही. हेडफोनची मागची पट्टीही मानेपासून बरीच लांब राहते, वर बघितलं की कॉलरला लागते. लहान मापाची पट्टी घेतली तर पॅड जागेवर राहील, की चष्म्याचीच काडी बारीक घ्यावी?