सुटा ‘मी’ कणांच्या जगातही नाही, मग दुकानात कसा मिळेल?

पर्वरीकर:
पर्वरीहून मांडवी पुलाकडे उतरताना जाहिरातींचे मोठमोठे फलक लागतात. कधी व्हिला, कधी घड्याळ, कधी मोबाइल. सांगणे एकच, तुम्ही चारचौघांसारखे नाही. आणि हे वेगळेपण ज्या वस्तूतून मिळवायचे ती लाखोंनी एकाच साच्यातून निघालेली. ‘मी कोण’ या प्रश्नाला ‘माझ्याकडे काय आहे’ हेच उत्तर आता सर्रास चालते. आधी एक सुटा, स्वयंपूर्ण ‘मी’ असतो आणि वस्तू जोडत गेले की तो ठळक होतो, असे यामागचे गृहीतक. ते जगाच्या तळाशीच टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनना एक शोधनिबंध पाठवला. दोन नाणी उडवली तर आपण चार शक्यता मोजतो: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. मधल्या दोन वेगळ्या धरतो, कारण हे नाणे निराळे, ते नाणे निराळे. प्रकाशकणांना असा निराळेपणा देऊन मोजले तर तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश बाहेर टाकते, हे सांगणारा प्लांकचा नियम हाती लागत नाही. मधल्या दोन शक्यता एकच धरल्या की लागतो. म्हणजे दोन प्रकाशकणांची अदलाबदल केली तर काहीच घडलेले नसते. इलेक्ट्रॉनचा हिशेब वेगळा, तिथे दोघे एका अवस्थेत राहूच शकत नाहीत. पण स्वतःची अशी ओळख त्यांनाही नाही. पुढे १९९६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोव्हेली यांनी मांडले की कणाचे गुणधर्म दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भातच असतात, एकट्याचे असे नसतात.

कण नात्यांमुळे कण होत असेल तर माणसाचे वेगळे काय? आमच्या घरी चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, अजून वाड्यावरची (आमच्या वस्तीतली) माणसे सामान आणून देतात. कोणी नारळांचा घड, कोणी आंबाडे, कोणी सुपारी. वाड्यावर मी कोण, ते या देवघेवीत ठरते.

डिचोलीचा मास्तर:
बोसची मोजणी नीट सांगितलीत. पुढची उडी मात्र मला अजिबात मान्य नाही.

एक म्हणजे, कणांना ओळख नाही हा गणिताचा एकमेव अर्थ नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत प्रत्येक कणाला दर क्षणी नक्की जागा असते, स्वतःची वाट असते; आणि प्रयोगांची उत्तरे नेहमीच्या क्वांटम सिद्धांतासारखीच येतात. रोव्हेलींचे मत अनेकांपैकी एक आहे, ते सिद्ध झाल्यासारखे वापरू नका. दुसरे, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार कोणाशी नाते असले तरी तेवढाच, नसले तरी तेवढाच. आणि सगळ्यात महत्त्वाचे: भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्येच बजावले होते की खालच्या पातळीचे नियम कळले म्हणून वरची पातळी कळत नाही. घटक वाढले की नवे गुण, नवे नियम येतात. इलेक्ट्रॉनला ओळख नाही म्हणून मलाही नाही, हे म्हणजे पाण्याचा एक रेणू ओला नसतो म्हणून मांडवी कोरडी म्हणण्यासारखे. ग्राहकवादाला विरोध जरूर करा, मीही करतो. तो अर्थशास्त्राने करा, नीतीने करा. बिचाऱ्या इलेक्ट्रॉनला साक्षीला कशाला उभे करता?

मोरजीवाला:
मास्तरांना अनुमोदन. आमच्या किनारपट्टीवर ‘क्वांटम हीलिंग’च्या पाट्या लागल्या आहेत. ‘सारे काही जोडलेले आहे’ हे वाक्यही तिथे पैसे घेऊनच ऐकवतात.

पर्वरीकर:
मास्तर, कणांवरून माणूस सिद्ध करायला मी निघालेलो नाही. ‘आधी सुटी वस्तू, मग तिची नाती’ ही आपल्याला उघड वाटणारी कल्पना आहे, आणि ती उघड नाही एवढे भौतिकशास्त्र दाखवते. बोमच्या मांडणीतही एका कणाची चाल दूरच्या दुसऱ्या कणाच्या जागेवर अवलंबून असते. तिथेही कोणी सुटा नाही! विद्युतभाराचे सोडा, इलेक्ट्रॉनचे वस्तुमान घ्या. ते तर अवकाशभर पसरलेल्या हिग्ज क्षेत्राशी असलेल्या नात्यातूनच येते. २०१२ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेला हिग्ज कण सापडलाही.

डिचोलीचा मास्तर:
मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतानुसार (स्टँडर्ड मॉडेल) येते, कबूल. पण हिग्जशी जोडणी थेट दिसली आहे ती टॉप, बॉटम क्वार्क आणि टाऊ यांसारख्या जड कणांची. इलेक्ट्रॉनची जोडणी इतकी क्षीण की ती अजून प्रयोगात दिसलेली नाही. शिवाय ती किती क्षीण, हा आकडा कुठून आला? तो सिद्धांतात बाहेरून, मोजमापावरून घालावा लागतो. नाते म्हणालात तरी त्याच्या तळाशी एक न उलगडलेला आकडा उरतोच.

फोंड्याची वाचक:
तुम्ही दोघे कणांवर भांडताय आणि माझा आक्षेप माटोळीवर आहे.

पर्वरीकर भाऊ, नात्यांतून माणूस ठरतो हे खरे, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणत्या जातीची, देवळात कुठवर जायचे, हे सगळे नात्यांनीच ठरवलेले होते. वाड्यावरची ती देवघेव सर्वांशी सारखी नसते. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या नाही, हे सगळ्यांना न सांगता माहीत असते. पहिल्या पगारातून पणजीत अठरा जून रस्त्यावर मी माझ्या पसंतीची चप्पल घेतली तेव्हा दुकानदाराने आडनाव विचारले नाही. पैसे दिले, चप्पल घेतली, संपले. ‘कोणीही’ असण्यात केवढी मोकळीक असते, ते सतत ‘कोणाची तरी’ असणाऱ्या बाईला विचारा. बाजाराने मला ओळख दिली नाही, हे मान्य. पण लादलेल्या ओळखीतून तासभर सुटका दिली, आणि ती माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

कोसंबीवाचक:
ताईंचे म्हणणे पटले. पण नाण्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्याच मातीतल्या माणसाची आठवण हवी. गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातले कोसबें. त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतील चांदीची आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी वजनाप्रमाणे अभ्यासली. टाकसाळीतून निघताना ही नाणी जवळजवळ सारख्या वजनाची. चलनात फिरताना हातोहात झिजतात. त्यामुळे सरासरी वजन उतरत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. या झिजेवरून त्यांनी साठ्यातील नाण्यांचा कालक्रम लावला.

इलेक्ट्रॉन झिजत नाही. त्याला कितीही फिरवा, कालचा आणि आजचा सारखाच. त्याच्यापाशी इतिहास राहत नाही, म्हणून ओळख नाही, असे मला वाटते. माणसाला आणि वस्तूला ओळख येते ती वापराने, झिजेने. ताईंची ती चप्पल दुकानात असताना इतर जोडांसारखीच होती. टाच घासल्यावर ती ताईंची झाली. ग्राहक समाजावर माझा राग यासाठी आहे की तो काही झिजूच देत नाही. बॅटरी बदलता येणार नाही असा फोन बनवायचा आणि दोन-चार वर्षांत नवा गळ्यात मारायचा. पर्वरीकरांना वस्तूंचा लोभ खुपतो. मला तर वाटते, वस्तूवर आपला जीव पुरेसा बसतच नाही.

पर्वरीकर:
हे मी घेतो. ‘नाती’ म्हणताना माझ्या मनात काळ नव्हता, तो हवा.

फोंड्याची वाचक:
झिजेचा मुद्दा सुंदर आहे, पण आता बाजार आपली झीजही टिपून ठेवतो. काय शोधले, रात्री किती वाजता, कुठे रेंगाळले, काय परत केले, सगळे नोंदलेले. म्हणजे इतिहास आहे, माझाच आहे, आणि तरी तो वापरला जातो मला ‘तीस ते चाळीस, नोकरदार, गोवा’ या गटात टाकायला. त्या गटातली मी काढून दुसरी कोणी घातली तर जाहिरातदाराच्या हिशेबात काहीच बदलत नाही. बोसची मोजणी मला लागू पडते ती इथे, आणि ती निसर्गाने लावलेली नाही. तेव्हा इतिहास असणे पुरत नाही, तो कोणाच्या हातात आहे हेही पाहावे लागेल. वाड्याच्या हातात असताना मी त्याच्याशी भांडू तरी शकत होते.