मदत हवी आहे: डेव्हिड डॉइच यांचं 'द बिगिनिंग ऑफ इन्फिनिटी' वाचलंय का कोणी?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनगटात सध्या हे 2011 चं पुस्तक चालू आहे आणि सरळ दोन तट पडलेत, त्यामुळे ज्यांनी वाचलंय त्यांनी प्लीज मदत करा. लेखक ऑक्सफर्डचे फिजिसिस्ट, क्वांटम कॉम्प्युटिंगचा (म्हणजे अणूंच्या पातळीवरचे नियम वापरून चालणाऱ्या संगणकांचा) पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं असं की अडचणी येतच राहणार, पण निसर्गनियम जिच्या आड येत नाहीत अशी कुठलीही अडचण योग्य ज्ञान मिळालं की सुटू शकते.

चांगलं स्पष्टीकरण कसं ओळखायचं ह्यासाठी दिलेलं ऋतूंचं उदाहरण मला स्वतःला जाम आवडलं. ग्रीक कथेत देवीची मुलगी पाताळात गेली की देवी दुःखी होते म्हणून हिवाळा येतो, आता ह्यात देवी बदला, कारण बदला, कथा तशीच चालते. पण पृथ्वीचा आस साधारण 23.5 अंश कललाय हे स्पष्टीकरण असं हवं तसं वळवता येत नाही, आणि आपल्याकडे थंडी असताना ऑस्ट्रेलियात उन्हाळा का हेही त्यातूनच कळतं.

पण गटातल्या एका ताईंचा मुद्दा मला खोडता येत नाहीये. त्या म्हणतात, उत्तर सापडेल हो, पण सापडेपर्यंत ज्यांच्या घरात समुद्राचं पाणी शिरतंय त्यांचं काय? आणि ज्ञान असूनसुद्धा ते गरिबापर्यंत पोचत नाही त्याचं काय?

ह्याला पुस्तकात नीट उत्तर आहे का, असेल तर कुठल्या प्रकरणात? पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरचं प्रकरण वाचलंय, त्याने माझं तरी समाधान झालं नाही. विरोधी बाजूचं काही चांगलं वाचलं असेल तर तेही सांगा, मराठीत असेल तर फारच उत्तम.